अनुपस्थित गुरूचा पाठ : दूरस्थ अभ्यासक्रमाच्या रचनेचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकांवर बसून आपण अक्षरे गिरविली त्याच शाळेच्या सभागृहात व्याख्याता म्हणून उभे राहताना कृतज्ञतेइतकाच संकोचही वाटतो. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित शिकवीत. त्यांच्या टेबलावर नेहमी दोन वह्या असत. एकीत पाठाचे टाचण असे. दुसरीत आमच्या चुका असत. कोणाची चूक हे त्या वहीत कधीच लिहिलेले नसे. कोणत्या पायरीवर आणि कोणत्या समजुतीने चूक झाली, एवढेच असे. दरवर्षी जूनमध्ये पाठ सुरू करण्यापूर्वी ते पहिली वही बाजूला ठेवून दुसरी वाचीत. त्या दुसऱ्या वहीचा अर्थ मला फार उशिरा कळला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उशिरा आलेल्या उमजेचीच कबुली आहे.

आपल्या संस्थेने परगावी आणि परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुला-नातवंडांसाठी मराठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करण्याचे योजिले आहे. बडोद्यासारख्या शहरात मराठी माध्यमाच्या वर्गांचा पट आटत चालला असताना हा संकल्प स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु असा अभ्यासक्रम रचावा कसा? या प्रश्नाला सुमारे 180 वर्षांचा इतिहास आहे. साधने बदलत गेली, पण प्रश्न एकच राहिला : गुरू समोर नसताना शिष्य अडला, तर त्याला हात कोणी द्यावा?

एका पत्रकावर मावलेली विद्या

इंग्लंडमध्ये 10 जानेवारी 1840 रोजी देशभर एक पेनी हा टपालाचा समान दर लागू झाला. लघुलिपीची स्वतःची पद्धती रचणारे आयझॅक पिटमन यांनी त्याच महिन्यात आपली संपूर्ण लिपी एका पत्रकावर छापून काढली. ते पत्रक एका पेनीत टपालाने कोठेही जाऊ शकत असे. एवढ्यावर थांबले असते तर पिटमन हे केवळ चतुर प्रकाशक ठरले असते. परंतु त्यांनी शिकणाऱ्यांना काम दिले. शिष्याने ठरलेला उतारा लघुलिपीत लिहून पाठवावा, आणि तो तपासून दुरुस्त्यांसह परत यावा, असा क्रम त्यांनी घालून दिला.

या साध्या व्यवहारात दूरस्थ अभ्यासक्रमाची तीन अंगे स्पष्ट दिसतात. पहिले, आशयाला मर्यादा घालणे : पत्रकावर मावेल तेवढेच द्यायचे, म्हणून महत्त्वाचे काय ते आधी ठरवावे लागते. दुसरे, शिष्याच्या हाताला काम देणे. तिसरे, त्याने केलेल्या कामाला उत्तर देणे. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत या क्षेत्रात जे जे फसले, त्यात या तिघांपैकी एखादे अंग दुबळे होते, असे माझे निरीक्षण आहे.

बडोद्याच्या पेट्या

आता आपल्या घरचा इतिहास पाहू. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. साक्षर झालेल्या रयतेच्या हाती वाचायला काही नसेल तर अक्षरओळख विरून जाईल, हे महाराजांनी ओळखले. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालय-व्यवस्थेसाठी पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबरच फिरती ग्रंथालये सुरू झाली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या.

त्या पेट्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने एक भेद नोंदविला पाहिजे. पेटी पुस्तक पोहोचवीत होती. वाचणारा कोणत्या पानावर अडला हे पेटीला कळण्याचा मार्ग नव्हता, आणि ग्रंथालयाकडून तशी अपेक्षाही नसते. शाळेकडून मात्र ती असते. सामग्री पोहोचविणे आणि शिकविणे ही दोन भिन्न कामे आहेत. हा भेद विसरला गेला की पेटी लाकडाची असो वा विजेची, परिणाम सारखाच होतो.

चुकीच्या उत्तरासाठी स्वतंत्र पान

नोव्हेंबर 1953 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहण्यास गेले. मुले उदाहरणे सोडवीत होती. ज्यांची झाली ती रिकामी बसली होती, ज्यांना येत नव्हती ती चुळबुळत होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच ताबडतोब कळत नव्हते. त्या अस्वस्थतेतून स्किनर यांचे अध्यापनयंत्र आणि ‘क्रमान्वित अध्ययन’ ही पद्धती जन्मली. पाठाचे अगदी लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याशेवटी एक रिकामी जागा भरावयास द्यावी, आणि उत्तर भरताच खरे उत्तर दाखवावे, असा तिचा गाभा होता. तुकडे इतके सोपे असत की शिकणारा सहसा चुकत नसे.

याच दशकात अमेरिकन हवाई दलाच्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाशी संबंध असलेल्या नॉर्मन क्राउडर यांनी वेगळा मार्ग धरला. शिकणारा चुकू नये यासाठी धडपडण्यापेक्षा, तो चुकला तर का चुकला हे पाहावे, असे त्यांचे मत. त्यांच्या पुस्तकात परिच्छेदाखाली प्रश्न असे आणि प्रत्येक पर्यायासमोर पानाचा क्रमांक असे. बरोबर पर्याय निवडणारा पुढच्या मुद्द्याकडे जाई. चुकीचा पर्याय निवडणारा अशा पानावर पोहोचे की जेथे त्याची नेमकी चूक उलगडून सांगितलेली असे. तेथून तो मूळ प्रश्नाकडे परत येई.

मित्रहो, हे प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या गुरुवर्यांची दुसरी वही आठवली. चुकीच्या उत्तरासाठी स्वतंत्र पान लिहायचे तर ती चूक लेखकाला आधीच ठाऊक असली पाहिजे, आणि ती ठाऊक होण्यासाठी त्याने कधीतरी शिष्याशेजारी बसलेले असले पाहिजे. स्किनर यांची पद्धती पुढे कंटाळवाणी ठरली, यंत्रे अडगळीत गेली. ती नोंद मात्र अडगळीत टाकण्यासारखी नाही.

एकाने लिहायचे नाही, अनेकांनी रचायचे

ब्रिटनमध्ये 1963 मध्ये हॅरल्ड विल्सन यांनी ‘आकाशवाणीवरील विद्यापीठा’ची कल्पना मांडली. जेनी ली यांनी ती नेटाने पुढे नेली. 1969 मध्ये मुक्त विद्यापीठास सनद मिळाली, आणि जानेवारी 1971 मध्ये सुमारे 24 हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. नोकरी करणारे, घर सांभाळणारे, पूर्वी शिक्षण सुटलेले असे हे लोक होते.

नावात आकाशवाणी असली तरी या विद्यापीठाचा खरा कणा टपालाने येणारी छापील पुस्तिका हाच होता. तिची निर्मिती मात्र नवी होती. पाठ एका प्राध्यापकाने लिहून छापखान्यात धाडावयाचा नव्हता. विषयतज्ज्ञ, अध्यापनतंत्राचे जाणकार, संपादक आणि बी.बी.सी.चे निर्माते यांचा एक अभ्यासक्रम-गट बसे. एकाचा मसुदा इतर सर्व वाचीत, त्यावर टीका करीत, आणि तो पुन्हा लिहिला जाई. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास घरी प्रयोग करता यावेत म्हणून साहित्याचा संच जाई. त्यात खिशात मावेल असा एक सूक्ष्मदर्शकही असे. ठरावीक मुदतीने स्वाध्याय पाठवावे लागत. मार्गदर्शक शिक्षक त्यांवर सविस्तर अभिप्राय लिहीत, आणि ते अभिप्राय पुरेसे उपयोगी आहेत की नाहीत हे विद्यापीठ नमुन्यादाखल तपासून पाही. शिक्षकाने केलेली तपासणीही तपासली जाते, ही कल्पना आपल्याकडे आजही काहीशी खटकेल!

भारतात दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्येच पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते. त्यानंतर 1982 मध्ये हैदराबाद येथे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1989 मध्ये नाशिक येथे डॉ. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि 1994 मध्ये गुजरातेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ अशी मालिका उभी राहिली. येथील पुस्तिकांची घडण आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, लहान लहान उपघटक, मध्येच स्वयं-मूल्यमापनाचे प्रश्न आणि उत्तरासाठी कोरी जागा, शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द आणि प्रश्नांची उत्तरे. कित्येक विद्यार्थी ती कोरी जागा कोरीच ठेवीत आणि पान उलटून उत्तर वाचीत, हे आपण सर्व जाणतो. तरीही त्या कोऱ्या जागेचा अर्थ मोठा होता. लेखक तेथे थांबून जणू म्हणत होता, “आता तुम्ही बोला.”

एकमार्गी पडदा

छापील पुस्तिकेबरोबर दूरचित्रवाणीही आली. 15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर दिसू लागले. पेशीचे विभाजन डोळ्यांसमोर घडताना पाहणे हा लहान गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला अपूर्व अनुभव होता. पण कार्यक्रमाची वेळ ठरलेली. ती वेळ चुकली की पाठ चुकला. न समजलेले वाक्य पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती आणि प्रश्न विचारण्यास वावही नव्हता. चित्रे उत्तम होती, पण उत्तर देणारे अंग दुबळे होते.

याच भागात खेडा जिल्ह्यात 1975 पासून पीज येथील प्रक्षेपकावरून वेगळा प्रयोग झाला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील मंडळी गावकऱ्यांमध्ये जाऊन त्यांचे प्रश्न समजून घेत, आणि त्यांतून गुजरातीत कार्यक्रम बनत. कार्यक्रम बनविण्यापूर्वी पाहणाऱ्याला भेटणे, ही शिकवण अभ्यासक्रम रचणाऱ्यांनीही उचलावी अशी आहे.

इंटरनेटचे युग

2001 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या अभ्यासक्रमांची सामग्री इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली करण्याची घोषणा केली. आपल्याकडेही आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. या उपक्रमातून घरोघरी पोहोचू लागली. ही बडोद्याच्या पेट्यांचीच विराट आवृत्ती होती : अमोल आणि उदार, पण मूलतः पेटीच.

2011 च्या शरदात स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांना खुला केला. सुमारे 1 लाख 60 हजार लोकांनी नाव नोंदविले. तासाभराच्या व्याख्यानाऐवजी काही मिनिटांचे तुकडे होते, आणि तुकड्याशेवटी प्रश्न येई. 1950 च्या दशकातील रिकामी जागा नव्या वेषात परतली होती. अभ्यासक्रम पूर्ण करणारे सुमारे 23 हजार होते. हा आकडा मोठा म्हणावा की लहान? एका अध्यापकाच्या आयुष्यभराच्या शिष्यसंख्येहून तो मोठा आहे. पण दर सात जणांतले सहा जण वाटेतच गळाले. ते कोठे आणि का थांबले, हा प्रश्न रचनाकाराने विचारायलाच हवा.

2014 मध्ये एडएक्स या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ध्वनिचित्रफिती पाहिल्या जाण्याच्या 69 लाख नोंदी तपासल्या होत्या. फीत कितीही लांब असली तरी पाहणाऱ्याचा वेळ साधारणतः सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता, असे त्यात दिसले. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो दुसरा निष्कर्ष : वर्गात दिलेल्या लांब व्याख्यानाचे नंतर तुकडे पाडले तर ते तितकेसे पाहिले जात नाहीत, आरंभापासून लहान तुकड्यांसाठीच योजलेला पाठ अधिक पाहिला जातो. नऊवारीचे तुकडे करून परकर-पोलके शिवता येते खरे, पण माप आधी घेतलेले नसेल तर ते अंगाला बसत नाही.

9 जुलै 2017 रोजी भारत सरकारने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले. त्यातील प्रत्येक अभ्यासक्रमास चार अंगे ठरवून दिली आहेत : ध्वनिचित्र-व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयं-मूल्यमापन आणि शंकांची चर्चा. पिटमन यांच्या पत्रकापासून निघालेला प्रवाह येथे शासकीय चौकटीत स्थिरावलेला दिसतो. चौकट मात्र केवळ जागा राखते. त्या जागेत काय भरायचे, हे शिक्षकालाच ठरवावे लागते.

2020 : माझी स्वतःची चूक

येथपर्यंतचा इतिहास वाचून ठाऊक असलेला मनुष्य मार्च 2020 नंतर काय करील? टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि मी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून चाळीस मिनिटांचा तास जसाच्या तसा पडद्यावर घेऊ लागलो. समोर काळे चौकोन आणि त्यांत मुलांची नावे. “समजले का?” असे मी विचारी. दोन-तीन आवाज “हो सर” म्हणत आणि मी पुढे जाई. पंचेचाळीस मुलांपैकी किती जण खरोखर ऐकत आहेत हे मला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते ठाऊक नसणे मला सोयीचे वाटू लागले होते.

तीन महिन्यांनी एका विद्यार्थिनीची वही तिच्या वडिलांनी दारात आणून दिली. घरात मोबाइल एकच. थोरल्या भावाचा तास त्याच वेळी असे, म्हणून ती आठवड्यातून दोनच दिवस हजर राहू शकत होती. तरीही तिने वही पूर्ण लिहिली होती. मैत्रिणीकडून उतरवून घेतलेली सर्व उदाहरणे, आणि सर्वांत तीच एक चूक : वजा चिन्ह कंसाबाहेर असताना तिने फक्त पहिल्याच पदाचे चिन्ह बदलले होते. पंधरा पाने ती हीच चूक करीत गेली होती. मी रोज शिकवीत होतो, ती रोज लिहीत होती, आणि आम्हां दोघांमध्ये कोणीच नव्हते.

त्या रात्री मला दुसरी वही आठवली. दुसऱ्या दिवसापासून तास बंद केला. पाच-सहा मिनिटांची ध्वनिफीत, कारण तिला डेटा कमी लागतो. सोबत एका पानाचे छायाचित्र. आणि तीन उदाहरणे. मुलांनी सवडीने, रात्री मोबाइल मोकळा झाल्यावर, वहीचा फोटो पाठवावा. मी चुका वेगळ्या लिहून काढू लागलो. पंचेचाळीस वह्यांत चुकांचे प्रकार चार-पाचच निघाले. दुसऱ्या दिवशीची फीत त्या चार-पाच चुकांवरच असे. सर्व मुले यामुळे सावरली असे मी म्हणणार नाही. काही जण त्या वर्षी जे सुटले ते सुटलेच. पण त्या मुलीचे वजा चिन्ह आठवड्याभरात सुधारले. ते तीन महिन्यांपूर्वीही सुधारता आले असते, ही बोचणी मात्र माझ्यापाशी राहिली आहे.

आपल्या अभ्यासक्रमाविषयी

आता संस्थेच्या संकल्पाकडे येतो. पुणे-नाशिककडील पाठ्यपुस्तकाचे धडे वाचून त्यांच्या फिती केल्या तर ती पेटी होईल. आधी आपल्याला चुकांची वही लागेल. हिंदी वातावरणात वाढलेले मूल ‘माझी पुस्तक’ म्हणते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. इंग्रजीत विचार करणारे मूल ‘मी खेळायला आवडते’ म्हणते, कारण ‘मला आवडते’ ही रचना त्याच्या ओळखीची नाही. दोघेही चुकतात, पण कारणे निरनिराळी आहेत. म्हणून दोघांसाठी पानेही निरनिराळी हवीत.

माध्यमही गरज पाहूनच निवडावे. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील च लिपीत एकच दिसतो, उच्चारात दोन आहेत. तेथे आवाजाला पर्याय नाही. लिंगविचारासाठी मात्र फितीपेक्षा छापील तक्ता आणि सराव बरा. आजीला प्रत्येक पाठानंतर दोन वाक्ये फोनवर बोलून दाखवावीत, हा स्वाध्याय कोणत्याही यंत्राने तपासलेल्या चाचणीहून मोलाचा ठरेल. आणि येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने आठवड्यातून एक तास देऊन पाच मुलांचे स्वाध्याय तपासले, तर उत्तर देणारे अंगही उभे राहील. त्याशिवाय अभ्यासक्रमाचा आरंभ करू नये, अशी माझी नम्र विनंती आहे. आरंभी दहाच पाठ असोत. ते दहा मुलांसोबत चालवून, चुका टिपून, पुन्हा लिहावेत आणि मगच अकराव्याला हात घालावा.

गुरुवर्यांची ती दुसरी वही त्यांच्या कुटुंबीयांनी काही वर्षांपूर्वी शाळेच्या ग्रंथालयास दिली. गेल्या आठवड्यात मी ती चाळली. शाई फिकी झाली आहे. एका पानावर आमच्या इयत्तेचे वर्ष आहे, आणि त्याखाली वजा चिन्ह व कंस यांची तीच चूक नोंदविलेली आहे. ती कोणाची होती हे त्यांनी लिहिलेले नाही. माझी असावी, असे मला वाटते.